डोक्यातली आयडिया ते शेतावर चालणारा डबा: एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी बनवली

"दादा माझ्याकडे एक भारी आयडिया आहे, पण पुढे काय करू" असं विचारणारी पोरं मला सारखी भेटतात, कुणी कॉलेजला असतं, कुणी चाकण-भोसरीला कंपनीत कामाला असतं, कुणी गावाकडे शेती बघत असतं. सगळ्यांना मोघम सल्ला देण्यात काही अर्थ नाही म्हणून मी स्वतः जी एक वस्तू सुरुवातीपासून बनवली तिचंच सगळं सांगतो, तुमची वस्तू वेगळी असेल पण टप्पे बरेचसे हेच येतील.

वस्तू साधी आहे. विहिरीवरच्या किंवा बोअरच्या मोटरचं पाणी बंद पडलं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर रिंग देणारा डबा. घरी सगळे त्याला निरोप्या म्हणतात.

आता गंमत अशी की माझी मूळ आयडिया ही नव्हतीच. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, शेतीला थ्री फेज लाईट पाळीने, कधी दिवसा कधी रात्री, आणि रात्रीची पाळी आली की तात्या बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार. आमच्याकडे उसात बिबट्या असतो हे कुणाला वेगळं सांगायला नको. घरात आई जागीच असायची ते येईपर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मोबाईलवरून मोटर चालू-बंद करता आली तर हे जाणंच बंद होईल. ही झाली कच्ची आयडिया. आणि इथेच बहुतेक जण थेट पार्ट आणायला पळतात, मीसुद्धा निघालोच होतो.

पळू नका. आधी एका कागदावर एक वाक्य लिहा: कोणाला, कधी, कसला त्रास होतो. यंत्राचं नाव त्या वाक्यात येता कामा नये. माझं वाक्य होतं "रात्रीच्या पाळीला शेतकऱ्याला मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं". हे वाक्य पुढे चुकीचं निघालं, पण लिहिलेलं होतं म्हणून चुकीचं आहे हे तरी कळलं.

मग ते आधीच कुणी केलंय का ते बघा. मोबाईलवरून मोटर चालवायचं काम पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी नॅनो गणेश या नावाने कधीच केलेलं आहे, त्याशिवाय बाजारात मोबाईल स्टार्टर म्हणून कितीतरी मिळतात. दुकानात विचारा, ऑनलाईन शोधा, आणि पेटंट ऑफिसच्या वेबसाईटवर इनपास नावाचा सर्च आहे तो फुकट आहे, त्यात दोन संध्याकाळी घाला. बरेच जण इथे नाराज होऊन सोडून देतात, अरे हे तर आधीच आहे म्हणून. माझं मत एकदम उलटं आहे. आधीच आहे म्हणजे लोक त्या त्रासासाठी पैसे देतात हे सिद्ध झालं, आता ज्यांनी ते घेतलंय त्यांच्याकडे जा आणि घेऊनही काय राहिलं ते ऐका.

लोकांना विचारायचं कसं

"मी असं असं यंत्र बनवलं तर तुम्ही घ्याल का" हा प्रश्न विचारू नका. आपली माणसं चांगली असतात, पोराचं मन मोडायचं नाही म्हणून "घेऊ की, बनव तर खरं" म्हणतात, चहा पाजतात, आणि तुम्ही तो होकार धरून लाखभर रुपये घालता. त्यापेक्षा झालेली गोष्ट विचारा. मागच्या पाळीला काय झालं, किती वाजता उठलात, गेल्यावर काय दिसलं, मग काय केलंत, त्याचा खर्च किती आला. आणि मध्ये बोलू नका, आपली आयडिया तर अजिबात सांगू नका.

मी चौदा जणांकडे गेलो, मामाच्या गावचे धरून. त्यातल्या अकरा जणांच्या स्टार्टरला, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेटीला, ऑटो बसवलेला होता, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू होते. मग मोटर चालू करायला रात्री कोण जातं? कुणीच नाही. तरी ते सगळे रात्री उठत होते, दोन दोन तीन तीन वेळा. का उठता विचारल्यावर एका काकांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय: "मोटर चालू हाय का ते बघाया नाय जात मी, पाणी पडतंय का ते बघाया जातो. मागल्या महिन्यात सकाळी गेलो तर मोटर गप आन् वाफे कोरडे. पाळी गेली ना सगळी वाया."

म्हणजे विहिरीतलं पाणी संपतं, ड्राय रन प्रिव्हेंटर मोटर बंद करतो, मोटर वाचते पण माणसाला कळत नाही. किंवा थ्री फेजमधला एक फेज जातो, म्हणजे तीनपैकी एका वायरीची लाईट जाते. किंवा पाईप सुटतो आणि पाणी भलतीकडेच वाहत बसतं. त्रास चालू करण्याचा नव्हता, न कळण्याचा होता. माझं पहिलं वाक्य मी खोडलं आणि दुसरं लिहिलं: "रात्री पाणी बंद पडलं तर शेतकऱ्याला सकाळपर्यंत कळत नाही, म्हणून तो झोपत नाही." हे वाक्य सापडायला मला सात आठवडे लागले आणि सगळ्या कामात सगळ्यात मोलाचे आठवडे हेच होते असं मला मनापासून वाटतं.

एकही पार्ट न आणता आधी चालवून बघा

ही पायरी कुणी करत नाही आणि मी प्रत्येकाला करायला सांगतो. यंत्र जे काम करणार आहे ते काम काही दिवस स्वतः हाताने करा. मी कंपनीतून आठ दिवस रजा काढली आणि दोन शेजाऱ्यांच्या मोटरखोलीत रात्री बसलो, पत्र्याची खोली, खाट आणि थर्मासमध्ये चहा. पाणी बंद पडलं की मी स्वतः त्यांना कळवायचं, एवढंच. पहिल्या चार रात्री मेसेज पाठवला. चारही रात्री कुणी उठलं नाही, सकाळी दात घासताना मेसेज वाचला. पुढच्या चार रात्री रिंग दिली, तेव्हा उठले. पण उठून थेट विहिरीवर आले का? नाही, उलट मलाच फोन लावला, "काय झालंय रे, लाईट गेली का पाणी संपलं?" कारण लाईट गेली असेल तर येऊन काही करता येत नाही, परत झोपायचं. पाणी संपलं असेल तर सकाळी बघू. पाईप सुटला किंवा फेज गेला तर मात्र आत्ताच यायला पाहिजे.

आठ रात्रींत मला जे कळलं ते सहा महिने सर्किट बनवून कळलं नसतं. एक, रिंग पाहिजे, नुसता मेसेज नको. दोन, रिंगनंतर लगेच कारणाचा मेसेज पाहिजे. तीन, लाईट गेली तर रात्री रिंग द्यायचीच नाही, नुसता मेसेज. यंत्राची सगळी अक्कल या तीन ओळींत आहे.

मग एका पानावर दोन याद्या लिहा, काय करणार आणि काय करणार नाही. दुसरी यादी पहिलीपेक्षा मोठी हवी. माझ्या दुसऱ्या यादीत होतं: मोटर चालू करणार नाही, बंदही करणार नाही कारण ते काम प्रिव्हेंटर करतोच, अ‍ॅप नाही, ग्राफ नाही, जमिनीचा ओलावा नाही. नंतर जो भेटेल तो "यात हे पण टाक ना" म्हणतो, तेव्हा हे पान काढून बघायचं.

टेबलावरचं पहिलं मॉडेल

पार्टसाठी पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे एक चक्कर माराच, ऑनलाईन स्वस्त मिळतं पण दुकानदाराशी बोलून जे कळतं ते तिथेच कळतं. पहिलं मॉडेल दिसायला कसंही असू दे, त्याने फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आणि तो प्रश्न सगळ्यात अवघड असलेला निवडा. माझा अवघड प्रश्न होता की पाणी पडतंय का हे ओळखायचं कसं. रिंग देणं सोपं होतं, ते हजारो लोकांनी केलंय, त्याच्यात आधी वेळ घालवू नका.

पाईपात फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का ते सांगणारा स्विच, बसवून बघितला, महिन्याभरात शेवाळ आणि क्षार बसून अडकला. मग करंटकडे वळलो. मोटर पाणी उचलत असते तेव्हा तिच्यावर लोड असतो, पाणी संपलं की पंपाचा पंखा मोकळा फिरतो, लोड उतरतो, करंट कमी होतो. आमच्याकडच्या पाच एचपीच्या मोटरला भरलेल्या पाण्यात साधारण आठ अँपिअर दिसायचा आणि पाणी तुटलं की पाच-साडेपाच. हा फरक मशीनला ओळखता येण्याइतका मोठा आहे. करंट मोजायला सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर मिळतो, चिमट्यासारखा, वायरीभोवती नुसता बसवायचा, वायर सोलायची नाही की कापायची नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या जुन्या वायरिंगला हात लागत नाही.

एक चूक सांगतो म्हणजे तुमचा दिवस वाचेल. मी पहिल्यांदा सीटी मोटरच्या अख्ख्या केबलभोवती लावला आणि रीडिंग आलं शून्य. मोटर समोर धडधडतेय, पाणी पडतंय, आणि शून्य. दोन तास मी कोड तपासत बसलो. आमच्याकडे जळलेल्या मोटरी दुरुस्त करणारे वाइंडिंगवाले अण्णा आले, बघितलं आणि म्हणाले, तिन्ही वायरी एकत्र धरल्या तर बेरीज शून्यच येणार, एक वायर वेगळी काढून तिच्यावर लाव. थ्री फेजमध्ये तिन्ही करंट एकमेकांना तोडतात, हे मी डिप्लोमाला शिकलेलो होतो, पण शेतावर ते आठवायला अण्णा लागले. आता डब्याला दोन सीटी असतात, दोन वेगळ्या फेजवर. त्याने फेज गेलेलाही कळतो, कारण एक फेज गेला की उरलेल्या दोघांचा करंट एकदम चढतो आणि तसंच चालू राहिलं तर मोटर जळते.

दुसरा धडा मॉड्यूलचा, म्हणजे सिम घालून रिंग आणि मेसेज पाठवणाऱ्या पार्टचा. सुरुवातीला सिम ८००एल घेतलं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. पण ते टूजीवर चालतं आणि जिओला टूजीच नाही, त्यामुळे निम्म्या गावाची सिमं त्यात चालेनात. त्यात ते रिंग देताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं, बारीक जंपर वायर असली की व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल रिसेट होतं, आणि तुम्हाला वाटतं कोडमध्ये गडबड आहे. जाड आणि आखूड वायर, जवळ हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने काम होतं. टेबलावर शिकायला ते ठीक आहे पण विकायची वस्तू असेल तर पहिल्यापासून ए७६७० सारखं फोरजी मॉड्यूल धरा, चारपट पैसे जातात पण दोन वर्षांनी परत सगळं बदलावं लागत नाही.

तिसरा धडा जिवावरचा आहे म्हणून नीट वाचा. आमच्या स्टार्टरला तीन फेजच्या तीनच वायरी, न्यूट्रल नाही. कुठल्याही दोन वायरींमध्ये ४१५ व्होल्ट, आणि मोबाईलचा चार्जर २३० साठी असतो. माझ्या ओळखीतल्या एकाने तो तसाच दोन फेजवर लावला आणि तो हातात फुटला, नशिबाने डोळ्याला काही झालं नाही. ४४० व्होल्टचा प्रायमरी, म्हणजे लाईट आत घ्यायची बाजू, असलेला लोखंडी ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो वापरा. आणि स्टार्टरच्या पेटीत हात घालताना लायसन असलेला वायरमन सोबत हवा, वरून फ्यूज काढून खिशात ठेवायचे, नुसता स्विच पाडून भागत नाही कारण लांबून येऊन कुणीतरी तो वर करतं.

टेबलावरून शेतावर

टेबलावर चाललं म्हणजे आता झालंच असं वाटतं आणि खरं काम तिथून पुढे असतं. पहिले तीन डबे मी आमच्या, मामांच्या आणि त्या काकांच्या शेतावर बसवले. पहिल्या पंधरा दिवसांत काय काय झालं बघा. स्टार्टरची पेटी लोखंडी, तिच्यात डबा ठेवला तर रेंज गेली, अँटेना बाहेर काढावी लागली. मुंग्या शिरल्या, त्यांना ती ऊब आवडते. एका डब्यात पाल शिरून सर्किटवर चिकटली आणि मेली, ट्रॅक शॉर्ट झाला. लाईट गेल्यावरही निरोप जायला पाहिजे म्हणून आत लिथियम बॅटरी होती, पण एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत पेटी इतकी तापते की त्या तापमानात तसली बॅटरी चार्ज करणं धोक्याचं आहे, साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग करूच नये. मग पेटी थंड असेल तेव्हाच चार्जिंग होईल असं केलं, तापमान मोजायचा स्वस्तातला थर्मिस्टर टाकून. वायर आत जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी ग्लँड, सर्किटवर लॅकरचे दोन हात, आणि पेटीच्या बाहेर भिंतीला वेगळा प्लास्टिकचा डबा. या सगळ्यांत हुशारीचं काहीच नाही, पण टेबलावरच्या मॉडेलमध्ये आणि वस्तूमध्ये फरक आहे तो हाच.

मग खोट्या रिंगा. काकांना एका रात्रीत पाच वेळा रिंग गेली आणि पाणी छान चालू होतं. त्यांनी सकाळी डब्याची वायरच काढून ठेवली, आणि ते बरोबरच होतं, दोनदा खोटं बोललेल्या यंत्रावर कोण विश्वास ठेवेल. मी तिथे जाऊन अर्धा दिवस नुसता बघत बसलो तेव्हा कळलं की ते ठिबकचा व्हॉल्व्ह बदलताना आधी एक बंद करायचे आणि मग दुसरा उघडायचे, त्या मिनिटभरात पाणी कोंडतं, मोटरवरचा लोड उतरतो आणि डब्याला वाटतं पाणी संपलं. आता डबा दोन मिनिटं वाट बघतो मग बोलतो. मोटर चालू होतानाचा पहिला अर्धा मिनिट तर मोजतच नाही, तेव्हा करंट कितीतरी पट चढलेला असतो.

शिवाय प्रत्येक मोटरचा करंट वेगळा, साडेसातची वेगळी, रिवाइंड केलेली जुनी अजून वेगळी, मग आकडा भरायचा कुणी? इथे एक छोटं बटण टाकलं, त्यावर लिहिलंय "शिकव". पाणी चांगलं पडत असताना ते पाच सेकंद दाबायचं, डबा त्या वेळचा करंट लक्षात ठेवतो आणि त्याच्या पाऊण हिश्श्याच्या खाली गेलं की पाणी तुटलं समजतो. मला या बटणाचा सगळ्यात जास्त आनंद आहे कारण ते बटण तात्यांनी कुणी न सांगता पहिल्याच वेळी बरोबर दाबलं. तुमच्या वस्तूत जिथे जिथे माणसाला आकडा भरावा लागतो तिथे असं काही करता येतं का बघा.

मेसेज मराठीत पाठवायचे तर एका मेसेजमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०, आणि मराठीत काना-मात्रा-वेलांटी पण वेगळी मोजली जाते. त्यामुळे वाक्य घासून घासून आणावं लागलं. आता जातो तो मेसेज असा आहे: "पाणी बंद. मोटर चालू आहे. येऊन बघा." यापेक्षा जास्त काही लागतही नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. डबा गप आहे म्हणजे सगळं ठीक आहे की डबाच मेलाय? शेतकऱ्याला कसं कळणार? सिमचा रिचार्ज संपला तरी डबा गपच, आणि माणूस निर्धास्त झोपलेला, म्हणजे आधीपेक्षा वाईट. मग असं केलं की लाईट येऊन पाणी नीट सुरू झालं की डबा एक मिस कॉल देतो. तो आला की झोपा, नाही आला तर काहीतरी बिघडलंय. रिचार्जचं तर आधीच सांगून टाका, त्या सिमला दर महिन्याला पैसे लागणार, डब्याच्या किमतीपेक्षा लोकांना हे जास्त खुपतं.

दहा नग, मग पन्नास

तीन डबे एक पूर्ण पावसाळा चालले मग मी पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड केला. बोर्ड आखायचं कायकॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, महिनाभर रोज तासभर बसलं की साधं बोर्ड जमतं. प्रत्येक बोर्डावर व्हर्जन आणि नंबर छापा, नाहीतर सहा महिन्यांनी तक्रार आली की कुठल्या बोर्डात काय बदललं होतं ते आठवत नाही. डब्यासाठी साचा बनवायला जाऊ नका, त्यात लाखांनी पैसे जातात, पाणी न शिरणारे तयार डबे मिळतात त्यांनाच भोकं पाडा. लेझर कटिंग, थ्री डी प्रिंटर हाताशी पाहिजे असेल तर आमच्या भागात पाबळचा विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला, तिथे २००२ पासून फॅब लॅब आहे. मी तिथे जाऊन सीटी धरायचा क्लिप बनवला, आणि तिथल्या पोरांना हाताने काम करताना बघून खरंच उभारी येते.

पैशांचं स्पष्ट बोलतो. दहा नगांच्या वेळी मला एका डब्याला मॉड्यूल-अँटेना ९००, दोन सीटी ५००, बोर्ड आणि बारीकसारीक ३५०, ट्रान्सफॉर्मर १५०, बॅटरी-चार्जिंग १८०, डबा-ग्लँड २२० असा २३०० रुपये खर्च आला. मी किंमत ठेवली ३०००, आणि चुकलो. बसवायला जायचं पेट्रोल, दहातला एक परत येणार त्याचा खर्च, वाइंडिंगवाल्याला द्यायचे चारशे, माझी संध्याकाळ, यातलं काहीच धरलं नव्हतं. सामानाच्या खर्चाच्या दुप्पट-अडीचपटीच्या खाली किंमत ठेवू नका, आणि तेवढी किंमत द्यायला कुणी तयार नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. पहिले तीन डबे फुकट दिले ते ठीक होतं, चौथ्यापासून मात्र निम्मे पैसे आगाऊ घ्या, घरच्या माणसाकडूनही. फुकट घेतलेला माणूस बिघडलं तर बोलत नाही, पैसे दिलेला रात्री अकराला फोन करतो आणि आपल्याला तो फोनच हवा असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. पेटंट घ्यायचा विचार असेल तर प्रदर्शनात मांडायच्या किंवा व्हिडिओ टाकायच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा, एकट्या माणसाला ऑनलाईन सरकारी फी १६०० रुपये आहे, आणि त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो, नाहीतर तो सोडला असं धरतात. माझ्या डब्यात पेटंट घेण्यासारखं नवीन काही नाही असं मला वाटलं म्हणून मी केला नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, सरकारी साईटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वायरलेस वस्तू विकायची तर मॉड्यूलची मंजुरीची कागदपत्रं विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळीच मागून घ्या. आणि सिम आपण घालून विकू नका, त्याची नोंदणी हे वेगळं मोठं काम आहे, शेतकऱ्याला स्वतःचं घालू दे.

विकायला मी ऑनलाईन टाकून बघितलं, दोन गेले. बाकीचे सगळे वाइंडिंगच्या दुकानातून गेले. मोटर जळली की शेतकरी तिथेच येतो, त्या माणसावर त्याचा वीस वर्षांचा विश्वास असतो, तो म्हणाला हा डबा लाव तर लावतो. तुमच्या वस्तूसाठी असा माणूस कोण आहे ते शोधा, तो मेकॅनिक असेल, आशाताई असेल, शाळेचे सर असतील. त्याला आधी वस्तू उघडून दाखवा, आत काय आहे ते समजावून सांगा, त्याच्या शंका घ्या. अण्णांनी डबा बघून एकच बदल सांगितला, वायरीचे टर्मिनल मोठे कर, शेतावर चष्मा नसतो. केले.

पन्नास नगांच्या ऑर्डरच्या आधी मी महिनाभर थांबलो त्याचं कारणही सांगतो. २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली, आमच्याकडे बऱ्याच जणांनी अर्ज केले, शिवाय सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही भागात दिवसाच लाईट मिळायला लागली. म्हणजे ज्या रात्रीच्या जागरणासाठी मी हे बनवलं ते जागरणच कमी होणार, आणि ते व्हायलाच पाहिजे, तात्यांनी रात्री जाऊ नये म्हणूनच तर हे सगळं सुरू झालं. पण मग डब्याचं काय? सोलर पंपाचा करंट उन्हाप्रमाणे सारखा वरखाली होतो, ढग आला की उतरतो, माझं पाऊण हिश्श्याचं गणित तिथे चालत नाही, मी लावून बघितलं. म्हणून परत त्याच चौदा जणांकडे गेलो, परत मागच्या आठवड्याचंच विचारलं. नऊ जण अजून लाईटच्याच मोटरवर आहेत आणि दिवसाची पाळी असली तरी माणूस नारायणगावला टोमॅटो घेऊन गेलेला असतो, मोटरजवळ कुणी नसतं. तेवढ्यावर पन्नासच्या जागी तीसच नग केले.

आता अण्णांच्या दुकानात दोन डबे कायम तयार ठेवलेले असतात. कुणाचा बिघडला की तिथल्या तिथे बदलून मिळतो, बिघडलेला मी रविवारी घेऊन येतो, उघडतो आणि वहीत नंबरासमोर लिहितो काय झालं ते. सध्या १३ नंबरसमोर लिहिलंय: पाऊस जोरात असला की रिंग उशिरा, अँटेनाच्या जॉइंटला पाणी लागतंय का बघणे, जॉइंट खाली तोंड करून लावून बघणे.